बेसच्या अ‍ॅम्पातला भुंगा

अन्वर, परवा मी तुझ्या बेस गिटारचा अ‍ॅम्प उघडला. मागचे सगळे स्क्रू काढले, पत्रा बाजूला ठेवला आणि सरळ आत तोंड घातलं. तू असतास तर पक्कड घेऊन माझ्या मागे लागला असतास. "मॅडम, तुम्ही कीबोर्ड वाजवा, माझ्या पेटीला हात लावू नका," हे तुझं वाक्य मी इतक्या वर्षांत इतक्यांदा ऐकलं आहे, की पहिला स्क्रू फिरवताना मी एकदा दाराकडे बघून घेतलं. दारात तुझी बहीण उभी होती.

तुझ्याबद्दल लोकांनी जे बोलायचं ते बोलून झालं आहे. आपल्या ऑर्केस्ट्राच्या ग्रुपवर सगळ्यांनी तुझा तोच फोटो टाकला, गिटार गळ्यात आणि डोळे मिटलेले. खाली लिहिलं, सुरात बुडालेला माणूस. तो फोटो काढला तेव्हा मी तुझ्या शेजारी कीबोर्डवर होते. समोरचा हॅलोजन थेट तुझ्या डोळ्यांवर येत होता आणि तू ओठातल्या ओठात मांडववाल्याला शिव्या देत होतास. मी ग्रुपवर काही लिहिलं नाही. मला तुझ्याशी आपल्या अर्धवट राहिलेल्या भांडणाबद्दल बोलायचं होतं, आणि ते हात जोडलेल्या चित्रांच्या रांगेत बसलं नसतं.

भांडण भुंग्याचं. तो शब्द तुझाच. बेसच्या अ‍ॅम्पातून, कोणी तार छेडलेली नसतानाही, जी एक जाडसर घरघर सतत येत राहते तिला बाकीचे वाजवणारे हमिंग म्हणतात. तू म्हणायचास भुंगा. आपण एखाद्या हॉलवर पोहोचलो, वायरी जोडल्या, तू बटण दाबलंस, की दोघेही कान देऊन थांबायचो. आवाज आला की तू माझ्याकडे न बघताच म्हणायचास, "आला बघा तुमचा भुंगा." माझा का, ते मला कधी कळलं नाही. अ‍ॅम्प तुझा, गिटार तुझं, कुवेतच्या हॉटेलात तुझ्याबरोबर काम करणाऱ्या कोण्या गोव्याच्या दोस्ताने गावी परतताना तुझ्या गळ्यात मारलेली ती काळी पेटी तुझी, आणि भुंगा तेवढा माझा.

माझं म्हणणं पहिल्या दिवसापासून एकच होतं. अ‍ॅम्प जुना झालाय, आतले मोठे कपॅसिटर दमलेत. वीज आत आली की ती गाळून सपाट करायचं काम त्यांचं, आणि ते जमेनासं झालं की विजेची घरघर स्पीकरवाटे बाहेर पडते. टेलिफोनच्या ऑफिसात माझी सगळी नोकरी लाइनीतले दोष हुडकण्यात गेली. कुठला आवाज कुठून येतो हे ओळखण्याचा पगार मी घेत होते. आणि तू, ज्याने हॉटेलच्या लाँड्रीत चादरी धुतल्या, तू मला सांगायचास, "पेटीत कायच बिघाड नाय. माझ्या घरी कसा येत नाय मग?"

हा तुझा हुकमाचा पत्ता होता. खरंच, सड्यावरच्या, त्या कातळी माळावरच्या तुझ्या घरात भुंगा कधी आला नाही. शुक्रवारी जुम्याची नमाज आणि जेवण झालं की तू पडवीत अ‍ॅम्प लावून बसायचास. मी दोन-तीनदा मुद्दाम त्या वेळेला येऊन ऐकलं आहे. आवाजाचं बटण पूर्ण चढवलं तरी पेटी गप्प. तू विजयी चेहऱ्याने माझ्याकडे बघायचास आणि तुझी बायको रुकय्या सरबताचे ग्लास घेऊन यायची.

मग तू त्यातून एक सिद्धांत काढलास. घर चिऱ्याचं, म्हणून भुंगा येत नाही. "चिरा करंट पितो, मॅडम. सिमेंट नाय पीत." मी हसले. तू हट्टाला पेटलास. पुढच्या कार्यक्रमाला आपला टेंपो तुझ्या दारात आला तेव्हा तू गिटारच्या आधी एक अख्खा चिरा आत चढवलास. जांभ्या दगडाचा तो ठोकळा स्टेजवर ठेवून त्यावर अ‍ॅम्प ठेवायचा, असं तू ठरवून टाकलंस. त्या दिवशी हॉल नवा होता, वायरिंग चांगलं होतं, भुंगा आला नाही. झालं. तेव्हापासून रत्नागिरी जिल्ह्यातला आपला एकच ऑर्केस्ट्रा असा होता ज्याच्या सामानात चिरा होता. ड्रमवाला तो उचलताना कंबर धरायचा. एका लग्नात नवरीच्या मामाने विचारलं, हे काय, पायाभरणी आहे का? तू अगदी गंभीरपणे म्हणालास, "साउंडसाठी हाय." पुढे चिऱ्यावर ठेवूनही भुंगा यायला लागला, तेव्हा तू चिरा बदललास. हा मऊ निघाला, म्हणालास.

मी हे सगळं आठवून हसते, आणि मग लक्षात येतं की हे ज्याला सांगायचं तो हसणार नाही.

एक गोष्ट मात्र मी तुला कधी सांगितली नाही. लांज्याच्या त्या लग्नात, गाणं भर रंगात आलेलं असताना माझा कीबोर्ड बंद पडला. अ‍ॅडॅप्टरची पिन निसटली होती. मला ती सापडेना, खाली वाकून अंधारात वायरींच्या गुंत्यात हात घालत होते, आणि वर गाणारी घाबरून एकाच ओळीवर अडकली होती. तू माझ्याकडे पाहिलंही नाहीस. फक्त बेसवर तीच चाल धरून ठेवलीस, फिरून फिरून, जणू गाण्यात हे असंच असतं. लोक टाळ्या वाजवायला लागले. पिन लागली, मी आत आले, गाणं पुढे गेलं. त्या दिवशी भुंगाही जोरात होता, त्याच्यासकट तू मला सांभाळून घेतलंस. टेंपोत बसल्यावर तू एवढंच म्हणालास, "अ‍ॅडॅप्टरला दोरी बांधा." मी म्हटलं, बांधते. तिथे मला आभार मानायचे होते. पण आपल्यात तशी पद्धत नव्हती, आणि मग त्यावर इतकी वर्षं गेली की मानले असते तर तू मला ताप आलाय का विचारलं असतंस. आज मानते. त्या दिवशी माझी लाज तू राखलीस.

शेवटचं बोलणं मात्र तसलं नव्हतं. गणपतीपुळ्याच्या एका हॉटेलातला कार्यक्रम, समुद्राकडे तोंड करून बसलेले पाहुणे, आणि दोन गाण्यांमधल्या शांततेत तुझा भुंगा. मॅनेजर येऊन म्हणाला, ते यंत्र बंद करता येईल का. दुसऱ्या दिवशी मी तुला फोन केला आणि सांगितलं, पुढच्या वेळी मी दुसरा अ‍ॅम्प मागवतेय. तू म्हणालास, "शुभा, तो येणार असंल तर मी येत नाय." तू मॅडम सोडून शुभा म्हणालास म्हणजे तुला लागलं होतं, हे मला कळलं. मी म्हटलं, नको येऊस मग. ते मी आजही म्हणेन. पाहुण्यांसमोर घरघरणारी पेटी घेऊन बसणं बरं दिसत नाही, आणि तू गेलास म्हणून माझं ते मत बदललेलं नाही. बदललं असतं तर तुला ते खोटं वाटलं असतं. पण त्यानंतर आपण पुन्हा बोललो असतो. नेहमी बोलायचो. दर वेळी कोणीतरी एक जण काही न झाल्यासारखा फोन करायचा, आणि या वेळी पाळी तुझी होती.

फोन आला तो जैनबआपाचा. तुझी मोठी बहीण मला कधी फोन करत नाही, म्हणून नाव बघूनच मला कळलं.

तुला कब्रस्तानात नेलं तेव्हा आम्ही बाया घरातच होतो. नंतर मी येत राहिले. रुकय्या इद्दतीत आहे, नवरा गेल्यानंतरचे चार महिने ती घराबाहेर पडणार नाही, म्हणून कोणी तरी गेलेलं तिला बरं वाटतं. ती तांदूळ निवडते, मी बसते. तुझा विषय आम्ही सरळ काढत नाही. एकदा फक्त ती म्हणाली, घरात आवाज नाय कसला, आणि मी हो म्हटलं.

गेल्या आठवड्यात तिचा फोन आला. दबक्या आवाजात बोलत होती.

"शुभा, तुझ्या दोस्ताच्या पेटीत कायतरी बोलतंय गो."

मला आधी कळलंच नाही. मग तिने नीट सांगितलं. जुमा होता. जेवणं झाली, भांडी झाली, आणि तिचा हात सवयीने अ‍ॅम्पच्या बटणाकडे गेला. तुझी लाल बत्ती लागलेली बघावी एवढंच तिच्या मनात होतं. बत्ती लागली, आणि पेटी घरघरायला लागली. या घरात कधी न आलेला भुंगा तू नसताना आला. तिने घाबरून बटण बंद केलं. दुसऱ्या दिवशी पुन्हा लावून बघितलं, पुन्हा तेच. जैनबआपा तेव्हा घरातच होती. तिने ऐकलं आणि ती म्हणाली, ही पेटी घरात ठेवू नकोस. तू वाजवायचास हे तिला कधी आवडलं नव्हतं, पण तू होतास तोवर ती गप्प राहिली. आता तिला वाटत होतं की तू तिथे अवघडलेला आहेस, पेटी घरात राहिली म्हणून, आणि हे कण्हणं त्याचंच आहे.

"आपा म्हणते कोणाला तरी देऊन टाक," रुकय्या म्हणाली. "मी देईन. त्याची एकच वस्तू मना हवी व्हती, तरी देईन. पण तू आधी बघ. नुसता बिघाड असंल तर ठेवीन. तसा नसंल तर…" तिचा आवाज आणखी खाली आला. "त्याला त्रास होत असंल का गो शुभा तिथं?"

अन्वर, यावर काय बोलायचं असतं मला ठाऊक नाही. तुमच्या तिकडच्या गोष्टींतलं मला काही कळत नाही, आमच्या इकडच्या गोष्टींतलंही फार नाही. मी दोष शोधणाऱ्या माणसाने द्यायचं उत्तर दिलं. म्हटलं, मी येऊन बघते, तोवर बटण लावू नकोस.

मनातून मात्र मला, खरं सांगायचं तर, बरं वाटलं. घरीही भुंगा आला म्हणजे दोष अ‍ॅम्पातच. म्हणजे माझंच बरोबर. तू नाहीस, पण निकाल माझ्या बाजूने लागतो आहे, अशा थाटात मी सोल्डरगन, नवे कपॅसिटर आणि टेस्ट लॅम्प पिशवीत भरून परवा सकाळी तुझ्याकडे आले.

आधी नेहमीचं. गिटारची वायर अ‍ॅम्पातून काढली. भुंगा तसाच. म्हणजे गिटार सुटलं. आवाजाचं बटण खाली आणलं, थोडा कमी झाला, गेला नाही. पत्र्याच्या कोपऱ्याला बोटाचं मागचं पेर लावून बघितलं, तर बारीक मुंग्या आल्या. मग प्लग काढला, पेटी थंड होऊ दिली, आतली साठलेली वीज उतरवली आणि स्क्रू काढले. रुकय्या भिंतीला टेकून बसली होती. जैनबआपा दारातच उभी, हातात तसबीहची माळ. तिचे ओठ हलत होते आणि डोळे माझ्या हातावर होते.

पत्रा निघाला आणि मी बघतच राहिले.

आतले मोठे कपॅसिटर नवे होते. जुने कोणीतरी काढून तिथे नवे बसवले होते. जोड स्वच्छ, वायरी नीट बांधलेल्या, धुळीचा कण नाही. आणि ते काही आज-कालचे नव्हते. सोल्डरवरची चकाकी गेलेली होती, म्हणजे होऊन बरेच दिवस झाले होते. मी रुकय्याला विचारलं, ही पेटी कधी कोणाकडे दुरुस्तीला नेली होती का?

"नेली व्हती ना. चिपळूणला," ती म्हणाली. "लांज्याच्या त्या लग्नानंतर. मना बोलला, शुभाला सांगू नकोस. का ते नाय सांगितला."

म्हणजे तू माझं ऐकलं होतंस. मी सांगितलेलाच इलाज तू गुपचूप करून आणला होतास, आणि त्यानंतरही भुंगा हॉलवर येतच राहिला होता. म्हणजे माझं निदान चुकलं होतं आणि ते तुला वर्षानुवर्षं माहीत होतं. एका वाक्यात तू माझं तोंड बंद करू शकला असतास. मॅडम, तुमचे कपॅसिटर बदलून झाले, आता बोला. तू ते वाक्य कधी उच्चारलं नाहीस. तू चिरे वाहत बसलास, लोकांना हसू दिलंस, मला दर हॉलवर तेच तेच सांगू दिलंस. का? मला हरवायची इतकी चांगली संधी हातात असून तू ती का सोडलीस? मी परवापासून हाच विचार करतेय. एक उत्तर असं, की माझं ऐकलंस हे तुला कबूल करायचं नव्हतं. तुझा स्वभाव बघता ते शक्य आहे. दुसरं उत्तर असं, की भांडण संपलेलं तुला नको होतं. हे दुसरं मला जास्त आवडतं, पण मला आवडतं म्हणून ते खरं ठरत नाही, आणि सांगणारा तर गेला.

पण कामाकडे वळायचं होतं. दोन बाया माझ्या तोंडाकडे बघत होत्या. पेटीत दोष नाही, मग आवाज कशाचा? जैनबआपाने विचारलं, "काय सापडला?" मी म्हटलं, काही नाही. ती रुकय्याकडे वळून बघायला लागली, आणि माझ्या लक्षात आलं की या घरात 'काही नाही' या उत्तराचा अर्थ वेगळा होतो. रुकय्याचा चेहरा उतरला होता. आता शोधूनच काढायचं होतं.

मी पत्रा परत लावला, पेटी चालू केली, आणि नुसती ऐकत बसले. भुंगा होता. मग एकदम तो हलका झाला, जवळपास गेलाच. थोड्या वेळाने पुन्हा चढला. जैनबआपा कलमा पुटपुटली. मी मात्र स्वयंपाकघरात गेले, कारण त्याच वेळी तिथला फ्रीज थरथरून चालू झाला होता. फ्रीजचा प्लग काढला, भुंगा जवळपास गेला. लावला, आला. मग होल्डरला दोन वायरी जोडलेला माझा टेस्ट लॅम्प काढला आणि भिंतीतल्या सॉकेटात लावून बघितला. एरवीच्या दोन भोकांत बल्ब लख्ख पेटला. अर्थिंगच्या भोकात एक वायर सरकवली, तर निखाऱ्यासारखा मंद. घराचं अर्थिंग मेलं होतं.

मी त्या दोघींना सांगितलं ते तुलाही सांगते, कारण तुला हे माहीत नव्हतं आणि मलाही कधी सुचलं नाही. घरातल्या प्रत्येक यंत्रातून थोडी थोडी वीज गळत असते. फ्रीज जुना, त्यातून जरा जास्त. ती गळलेली वीज अर्थिंगच्या तारेने जमिनीत जाते आणि कोणाला तिचा पत्ता लागत नाही. पण जमीन कोरडी असेल तर ती घेत नाही. मग ती वीज त्याच तारेवरून घरभर फिरते आणि तुझ्या पेटीत शिरून बोलायला लागते. आपल्या सड्याचा कातळ पाणी धरत नाही, चार दिवस ओल गेली की अर्थिंगचा खड्डा खडखडीत. आपण गेलो त्या निम्म्या हॉलांचे खड्डे असेच कोरडे असणार, आणि उरलेल्यांना खड्डेच नसतील.

"खड्डा कुठे आहे?" मी विचारलं.

रुकय्याने खिडकीतून बोट दाखवलं. पुढच्या दारी, मीटरच्या खाली, नळाजवळचा सपाट दगड. त्याच्या कडेला फुटक्या कौलाने झाकलेला खड्डा. मी बाहेर जाऊन कौल उचललं. आत माती भेगाळली होती, हाताने कुस्करली तर पीठ झालं. दगडही कोरडा, त्यावर वाळक्या पानांचा पातेरा साठलेला. या दगडावर तू नमाजेआधी हातपाय-तोंड धुवायचास, वजू करायचास. घरात बाथरूम असून तुला ते उघड्यावरच लागायचं. शिवाय बाहेरून आलास की पाय धुवायचे, आणि उरलेली बादली तिथेच ओतून द्यायची. सगळं पाणी उतारावरून त्या खड्ड्यात जायचं. इतकी वर्षं रोज, न चुकता. चिरा करंट पीत नव्हता, अन्वर. जमीन पीत होती, आणि तिला पाणी तू घालत होतास.

तू गेल्यापासून त्या दगडावर कोणी पाणी ओतलं नव्हतं. रुकय्या बाहेर पडत नाही, आपा आत वजू करते.

मी आत येऊन दोघींना हे सांगितलं. सांगताना माझा आवाज नेहमीसारखाच राहिला, याचं मला नंतर आश्चर्य वाटलं. जैनबआपाने सगळं ऐकून घेतलं. पटलं की नाही ते चेहऱ्यावरून कळेना. मग तिने तसबीह कमरेला खोचली आणि म्हणाली, "पाणी मी घालते. तू आत बस, ऐक."

मी पेटीसमोर बसले, रुकय्या माझ्या शेजारी सरकली. बाहेर नळ सुरू झाला. पहिली बादली ओतल्याचा आवाज आला, भुंग्यात फरक नाही. आणखी एक. आपा खिडकीतून विचारायची, "गेला?" मी म्हणायचे, "अजून नाही." ती पुन्हा बादली लावायची. किती ओतल्या मी मोजल्या नाहीत. सत्तरीच्या बाईने वाकून वाकून ओतल्या. मी उठायला लागले तर रुकय्याने माझं मनगट धरलं. ओतू दे, म्हणाली.

मग भुंगा पातळ व्हायला लागला. एकदम गेला नाही. दूर जाणाऱ्या होडीच्या इंजिनासारखा हळूहळू कमी होत गेला, इतका हळू की शेवटी तो आहे की मला भास होतोय ते कळेना. मी स्पीकरला कान लावला. फ्रीज चालू होता. पेटी गप्प होती.

"आपा, गेला," मी ओरडून सांगितलं.

नळ बंद झाला नाही. मी खिडकीतून बघितलं, तर आपा त्या ओल्या दगडावर बसली होती, पाय पाण्यात, पदर तोंडाला लावून. तिने मागे वळून न बघता विचारलं, "त्रास नाय ना त्याला?"

"नाही," मी म्हटलं. "त्याचा नव्हताच तो आवाज."

ती बऱ्याच वेळाने आत आली. पाय पुसले, रुकय्याच्या दुसऱ्या बाजूला बसली, आणि पेटीकडे बघून म्हणाली, "राहू दे हिला हितंच. पाणी मी घालीत जाईन." रुकय्याने मान हलवली. तिच्या डोळ्यांत पाणी नव्हतं, ती फक्त स्पीकरच्या जाळीकडे बघत होती.

"शुभा, आता चालू हाय ना ही?"

"चालू आहे."

"पुरा आवाज चढवलाय?"

मी बटण शेवटपर्यंत फिरवलं. "पूर्ण."

ती पुढे सरकली, आणि मी लावला होता तसाच तिने जाळीला कान लावला. बराच वेळ तशीच राहिली. मग माझ्याकडे बघून म्हणाली, "कायच नाय गो." आणि तू गेल्यापासून पहिल्यांदा ती माझ्यासमोर रडली. तिचं बघून आपा, आणि मग मीही.